वाटणीत अडकलेली रेकॉर्ड

मी एक जुनी रेकॉर्ड आहे, मित्रांनो. काळी, ताटाएवढी, मधोमध भोक असलेली. युसूफ वडगावात मला कुणी तवा म्हणतं, कुणी तबकडी म्हणतं, आणि भगवानरावांची सून स्वप्ना तर परवापर्यंत मला अडगळ म्हणत होती. म्हणून माझं खरं कूळ मीच सांगितलेलं बरं.

युरोपातल्या एका थंड गावात, चर्चच्या उंच दालनात, शंभरेक वादक बसले होते. त्यांच्यापुढे हातात काडी घेतलेला एक म्हातारा संचालक उभा होता. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका संगीतकाराची भली मोठी रचना ते वाजवत होते. तिच्यात शब्द एकही नाही, पण विरह, वादळ, हट्ट सगळं आहे. ते माझ्या अंगावर कोरलं गेलं तेही स्टिरिओत. म्हणजे डावीकडची व्हायोलिनं डाव्या स्पीकरमधून ऐकू येतात, आणि उजवीकडची खर्जातली मोठी वाद्यं व नगारे उजव्या स्पीकरमधून. दोन्ही मिळाले की अख्खं दालन समोर उभं राहतं. एकच असला तर निम्मे वादक जेवायला उठून गेल्यासारखं वाटतं. माझं सगळं दुःख इथूनच सुरू होतं.

भगवानराव आणि मोहनराव हे सख्खे भाऊ हैदराबादेत शिकायला होते. तिथल्या जुन्या बाजारातून त्यांनी प्लेयर, दोन स्पीकर आणि रेकॉर्डींचा गठ्ठा घेतला. गठ्ठ्यात मी होते आणि माझी एक सवतही होती. रचना तीच, पण वाद्यवृंद दुसरा आणि संचालक तरुण. गावी परतल्यावर दर रविवारी आम्हा दोघींना आलटून पालटून लावायचं आणि कोण सरस ते ठरवायचं, हा भावांचा छंदच झाला. थोरले भगवानराव तिच्या बाजूचे, धाकटे मोहनराव माझ्या.

“दादा, हिच्यात वाजवणारे कुठं कुठं बसलेत ते डोळे मिटले तरी दिसतंय,” मोहनराव म्हणायचे.

“बसलेतच न्हवं? उठून चालायला कुनी तयारच न्हाई,” भगवानराव म्हणायचे. “लई हळू हाय तुझी.”

“हळू न्हाई, श्वास घेती. आन् तुझीच्यात नगारे चिखलात वाजत्यात.”

“वाजू दे. पन गडी येळेवर घरी पोचतोय.”

शेजारचे धोंडीराम एकदा हौसेनं ऐकायला बसले. “समदं बराबर हाय, पन गाणारा कावून येईना?” असं विचारून ते शेवटपर्यंत त्याची वाट बघत राहिले. भावांची हसून मुरकुंडी वळली. दोघांचा निकाल कधीच लागला नाही, आणि तो लागावा असं त्यांना वाटतही नव्हतं. मला मात्र वाटायचं. माझ्यातला दुसरा भाग, तो संथ भाग, भगवानरावांनी एकदा तरी चांगला म्हणावा एवढीच माझी इच्छा होती.

मग पंचायतीची निवडणूक आली. दोघे भाऊ दोन पॅनलांतून उभे राहिले, दोघेही पडले आणि त्याचा दोष एकमेकांवर टाकून मोकळे झाले. लगेच वाटणी निघाली. या घराची रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. त्यामुळे वाटे पाडणाऱ्याचा हात सरळ राहतो. जमीन, बैल, भांडी, सगळं निम्मं निम्मं झालं. आमच्यापाशी आल्यावर भगवानराव थबकले. अख्खा संच एका वाट्यात घातला तर लोक म्हणणार, एक वाटा जड केला.

“आवाजाच्या पेट्या दोन हायती, एकेक घ्या की,” पंच म्हणाले. “त्यात काय इचार करायचा?”

भगवानरावांनी एका वाट्यात प्लेयर आणि डावा स्पीकर ठेवला. दुसऱ्यात उजवा स्पीकर आणि आमचा गठ्ठा ठेवला. आता दोन्ही घरांत काहीच वाजणार नाही हे दोघांनाही पुरतं ठाऊक होतं. ‘सगळं तूच ने’ एवढं कुणीही एकानं म्हणायचा अवकाश होता. दोघेही गप्प बसले. मोहनरावांनी प्लेयरचा वाटा उचलला आणि घराच्या मधोमध भिंत चढली. मला दोघांचाही संताप आला, पण रेकॉर्डीच्या संतापाला कोण विचारतो?

मला लोखंडी पेटीत आडवी टाकली. वर गोधड्या, पेटीवर ज्वारीचं पोतं. मित्रांनो, रेकॉर्ड नेहमी उभी ठेवायची असते. आडवी ठेवून वर ओझं टाकलं की ती वाकते, आणि वाकलेल्या रेकॉर्डीवर सुई टिकत नाही. वैशाखात वरचा पत्रा तापला की पेटीची भट्टी व्हायची आणि मी अंग चोरून पडून राहायचे. माझ्या पोटात शंभर वादक होते, आणि मला साधा हुंकार देता येत नव्हता.

सगळ्यात वाईट रविवारी वाटायचं. भिंतीपलीकडे मोहनराव प्लेयर चालू करायचे. खटका वाजायचा, स्पीकर घुमायचा आणि नुसताच घुमत राहायचा. लावायला त्यांच्याकडे होतं काय? थोड्या वेळानं पुन्हा खटका वाजायचा. मी एका हाताच्या अंतरावर होते आणि पेटीला कडी होती.

एकदा स्वप्नानं पेटी उघडली. सुटले असं मला वाटलं. तिनं वरची रेकॉर्ड काढली, पाकीट तिथंच टाकलं आणि पेटी बंद केली. माझ्या सवतीचं रांजणावर झाकण झालं. मला आनंद व्हायला हवा होता, पण तिला निदान उजेड तरी मिळाला असं वाटून मला रडू आलं.

अशी कित्येक वर्षं गेली. यंदा दिवाळीच्या साफसफाईत स्वप्नानं पेटीच दारात ओढली आणि भंगारवाल्याला हाक मारली. त्यानं मला उचलून काट्यावर टाकलं. पलीकडच्या ओट्यावर मोहनराव बसले होते. वाटणीपासून त्यांनी या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. ते काठी टेकत आले आणि त्यांनी मला काट्यावरून उचललं.

“हिला हात लावायचा न्हाई,” ते म्हणाले.

“न्या की तात्या, पन कुनाच्या कामाची हाय?” स्वप्ना म्हणाली. “आमच्या मामांचे कान पार गेलेत. खुणेनं सांगावं लागतंय.”

“भगवानदादाला ऐकू येत न्हाई?”

“तुमाला ठावं न्हवतं?”

ठाऊक नव्हतं. भिंत एक विटेची होती आणि सख्ख्या भावाचे कान गेल्याचं मोहनरावांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मला छातीशी धरलं. मग घरी गेले आणि गड्याच्या डोक्यावर प्लेयर व डावा स्पीकर देऊन परत आले.

भगवानराव खाटेवर बसले होते. त्यांच्या स्पीकरवर टीव्ही ठेवला होता, तो खाली उतरवला. मोहनरावांनी आधी माझ्या सवतीला शोधलं. भावाच्या आवडीची लावून भांडण मिटवावं असं त्यांच्या मनात होतं. स्वप्नानं रांजणाकडे बोट दाखवलं. सवत पापडासारखी वाकली होती. मोहनरावांनी पेटीतलं तिचं रिकामं पाकीट उचललं, भावाला पाठमोरं होऊन मला त्यात घातलं आणि ते पाकीट त्यांच्यासमोर धरलं. ‘तुझीच लावतो’ अशी खूण केली. भगवानरावांनी पाकीट निरखलं आणि मान हलवली.

मी वाजले, मित्रांनो. थोडी वाकले होते तरी सुई टिकली; अंगावरची धूळ करकरली, पण डावीकडून व्हायोलिनं उठली, उजवीकडून खर्जानं साथ दिली, आणि पत्र्याच्या घरात ते उंच दालन पुन्हा उभं राहिलं. स्वप्ना दारात खिळून उभी राहिली. भगवानराव मात्र खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्यापर्यंत माझा एकही सूर पोचत नव्हता. माझा संथ भाग सुरू झाला तेव्हा त्यांनी सहज हात लांबवला आणि उजव्या स्पीकरवर तळवा टेकवला. आत नगारे होते. त्यांचं एक बोट हलायला लागलं, थांबलं, पुन्हा हलायला लागलं.

“मोहन्या,” ते म्हणाले, “लबाडी करतो व्हय बे? ही तुझी हाय. लई हळू हाय.”

मोहनरावांना हसू फुटलं आणि त्याचं कधी रडू झालं ते त्यांना कळलं नाही. ‘हळू न्हाई, श्वास घेती’ हे त्यांचं जुनं उत्तर ओठांवर आलं होतं. ते ऐकायला समोर कान नव्हते.

मित्रांनो, आम्हा रेकॉर्डींना उभं ठेवा, उन्हापासून जपा, आमची झाकणं करू नका. आणि ज्याच्याशी तुम्ही अबोला धरला आहे, त्याच्याकडे आजच जा आणि पोटभर भांडा. त्याला अजून ऐकू येतंय.