तेर साते

दातेरी चाकं कापण्यात ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. त्याचा पाळणा वर-खाली नेणाऱ्या यंत्राचं मोठं चाक झिजलं, तेव्हा तो म्हणाला, "जुन्यासारखंच नव्वद दातांचं कर." ताईनं शहाणपणा करून एक दात वाढवला. तिच्या मेस्त्रींची शिकवणच होती, दातांची लग्नं लावायची नाहीत, म्हणजे तेच दोन दात पुन्हा पुन्हा भिडू द्यायचे नाहीत. दाताला सारखा नवा दात भेटला की झीज वाटली जाते. मोठ्या चाकाला फिरवणाऱ्या छोट्या चाकाला सव्वीस दात होते, त्यातल्या एकाचा टवका उडालेला. एक्क्याण्णवला दोनानं भाग जात नाही, तिनानं नाही, पाचानं नाही. म्हणजे कशानंच नाही, असं ठरवून ती मोकळी झाली. टवक्याचा मार एक्क्याण्णव जणांत वाटला जाईल, छोटं चाक सवडीनं बदलू.

नवं चाक बसवून महिने झाले, छोटं तसंच राहिलं. आज दुपारी ती बाबांना भरवत होती. अर्धांगाच्या झटक्यानं बाबांची जीभ जड झाली होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी पाढे म्हणायला सांगितले होते. ताईला बाराच्या पुढे कधी येत नसत.

"तेर दुणे... सव्वीस," बाबा एकेक पायरी रेटत सातापर्यंत आले. "तेर साते... एक्क्याण्णव."

ताईचा हात घासासकट थांबला. "काय म्हणालात, बाबा?"

चुकलं वाटून बिचाऱ्यांनी पुन्हा म्हटलं. तेच आलं.

दोन्ही आकडे एकाच पाढ्यात! म्हणजे तो टवका सगळ्यांना भेटतच नव्हता, फिरून फिरून त्याच सात दातांना ठोकत होता. नव्वदच ठेवले असते तर निदान पंचेचाळीस जणांनी मार वाटून घेतला असता. त्या सातांतला एक तुटला, की पाळणा भावासकट खाली. भावाला फोन लावला, तर तो नेहमीसारखा खाली डब्याच्या पिशवीत वाजत राहिला. शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवून ती धावत सुटली.

भाऊ सहाव्या मजल्यापाशी लटकत होता.

"खिडकीतून आत जा! पाळणा सोड!" ती ओरडली.

त्यानं कानाला हात लावला. "ऐकू येत नाही गं! थांब, खालीच येतो!" आणि त्यानं बटण दाबलं.

खाली जमिनीवरच्या यंत्रात चाक फिरलं. टक्. थोड्या वेळानं पुन्हा टक्. ताईनं झेप घेऊन मेन स्विच खाली ओढला. पाळणा हिसका देऊन थांबला, पण त्याचं वजन अजून दातांवरच होतं, आणि कुठल्या दातावर ते देव जाणे. ती नुसती दोन्ही हातांनी खिडकी दाखवत राहिली.

"वेड लागलंय का तुला?" तो वरून खेकसला. मग तिचा चेहरा बघून त्यानं कमरेचा पट्टा सोडला आणि खिडकीत पाय टाकला. तो आत दिसेनासा होईपर्यंत ताईनं हात खाली घेतले नाहीत.

रिकामा पाळणा दोराला बांधून उतरवल्यावर त्यांनी यंत्राचं झाकण उघडलं. दर तेराव्या दाताच्या मुळाशी भेग होती. एकाला ताईनं पाना टेकवला, तर दातच तिच्या हातात आला.

"तरी म्हटलं होतं, नव्वद कर," भाऊ म्हणाला. एरवी तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. आज ती मटकन खाली बसून रडली.

संध्याकाळी दोघं भावंडं जेवत असताना बाबांनी पुन्हा पाढा धरला. "तेर साते..." पुढे गाडी अडली. त्यांनी ताईकडे पाहिलं. उत्तर तिच्या ओठांवर होतं, पण तिनं भावाकडे पाहिलं.

"एक्क्याण्णव, बाबा," भाऊ तोंडातला घास चावत म्हणाला.