परसातली मोहरी

आमच्या ह्यांना काही फेकायला म्हणून सांगू नये. जन्मभर रोपवाटिका चालवली. वाळकं पान दिसलं की हात शिवशिवतात, निघाले खताच्या खड्ड्याकडे!

शेजारच्या कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडायचे. तो बंद पडला, पण त्यातलं शिसं आमच्या परसात मुरून बसलं. नात झाली तेव्हा सून स्पष्टच म्हणाली, "माती सुधारल्याशिवाय मी हिला तिकडे आणणार नाही." राग आला, पण तिचं तरी काय चुकलं? छकुलीला मी अजून फोनवरच बघते. तिला मांडीवर घ्यायला जीव नुसता तुटतो.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी मोहरी पेरायला सांगितली. मोहरी मातीतलं शिसं हळूहळू ओढून घेते. मग ती मुळासकट उपटायची, पिशव्यांत बांधायची आणि त्यांच्या गाडीत द्यायची. हे वाफ्यात राबले. उपटलं, पुन्हा पेरलं. मी झबली शिवली, ती तोकडी झाली म्हणून फ्रॉक शिवले.

आज बाई निकाल घेऊन आल्या. शिसं होतं तेवढंच.

"थोडं तरी उतरायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मोहरी सगळी गाडीत दिलीत ना?"

"दिली की थोडी," हे म्हणाले. "बाकीची खड्ड्यात कुजवली. काय सुरेख खत झालं! सगळं वाफ्यात घातलं."

बाईंनी कपाळाला हात लावला. माझं तर डोकंच फिरलं. "अहो, अक्कल गहाण ठेवलीत का? बाहेर काढलेलं विष परत पुरलंत!"

हे मटकन ओट्यावर बसले. "पाला फेकवेना गं," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मलाच रडू फुटलं.

"आता पुन्हा पहिल्यापासून," असं म्हणून बाई गेल्या, आणि लगेच लेकाचा फोन आला.

"आई, आला का निकाल? रजा टाकू?"

'टाक' अगदी ओठांवर आलं होतं. चार दिवसांनी काय बिघडतंय? मागच्या दाराला कडी घालू, कडेवरून खाली उतरवणारच नाही. ह्यांनीही आशेने मान वर केली. तेवढ्यात फोनच्या पडद्यावर छकुलीने जमिनीवरचं काहीतरी उचललं आणि गपकन तोंडात टाकलं.

"नको आणूस," मी म्हणाले. "माती तशीच आहे रे."

"असं कसं? बाबा तर एवढे राबले!"

"राबले ना. मातीच हट्टी, त्याला ते काय करणार? ते राहू दे. फोन जरा तिच्या जवळ धर. अजून जवळ."