दुसरा गठ्ठ्या

पहिला गठ्ठ्या धुवायला आला होता. काकू हे गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायच्या, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

एका सकाळी त्यांच्या लॉण्ड्रीच्या दाराशी कुणीतरी तोंड बांधलेलं पोतं टाकून गेलं. हॉटेलवाले मळके कपडे रोज तसेच टाकून जायचे. काकूंनी ते उचललं, आत मळक्या ढिगावर भिरकावलं आणि दुपारपर्यंत त्याच्यावर आणखी सात-आठ गठ्ठे रचले. जेवणानंतर नणंदबाई कपड्यांना गिऱ्हाइकांच्या खुणेचे टाके घालायला बसल्या, तेव्हा ढीग रडायला लागला.

"वहिनी, तुमच्या चादरी रडतायत," नणंदबाई म्हणाल्या.

पोतं सोडलं तर आत ओंजळभर कुत्रा. कुणा हरामखोरानं जिवंत पिल्लू पोत्यात बांधून फेकलं होतं. पिल्लू बाहेर आलं ते थेट इस्त्रीच्या टेबलाखाली शिरलं आणि काकूंच्या पावलांवर बसलं. तिथंच ते बारा वर्षं बसलं.

बारा वर्षं काकूंनी पावलांवर ते वजन घेऊन इस्त्री केली. गठ्ठ्यांखालून निघाला म्हणून नाव गठ्ठ्या. तो दुसऱ्या कुणाकडे जायचा नाही, कुणाच्या हातचं खायचा नाही. काकू आंघोळीला गेल्या तर दाराबाहेर कण्हत बसायचा. समोरच्या सलूनवाल्यानं किती बिस्किटं दाखवली असतील, पण याचं आपलं टेबल एके टेबल. "माझ्याशिवाय त्याला जगच नाही," काकू म्हणायच्या, आणि म्हणताना त्यांची मान जरा ताठ व्हायची.

तो गेला तेव्हा काकूंनी दोन दिवस इस्त्रीला हात लावला नाही. पावलं हलकी लागत होती. त्या हलकेपणाचं काय करायचं ते त्यांना कळेना.

मग लेकीनं परगावाहून फोनवर, गेलेल्या कुत्र्यासारखाच दुसरा बनवून देणाऱ्या एका कंपनीचं सांगितलं. गठ्ठ्याच्या कानाची चिमूटभर कातडी जनावरांच्या डॉक्टरांनी, पुढं लागली तर म्हणून, वेळेत काढून ठेवली होतीच. काकांनी नव्या स्टीम मशीनसाठी साठवलेले पैसे काढले. नणंदबाई तेवढ्या फणकारल्या.

"वहिनी, हॉटेलचे चाळीस पांढरे शर्ट येतात. एकाच कापडाचे, एकाच शिंप्याचे. डोळे मिटून तुम्ही कुठला कुणाचा ते सांगता. आणि कुत्र्याच्या बाबतीत तुम्हाला सारखाच पाहिजे?"

"शर्टांवर माझा जीव नाही," काकू म्हणाल्या. तिथं बोलणं संपलं.

कंपनीच्या माहितीपत्रकात सगळे कुत्रे हसत होते. असल्या पत्रकांत कुत्रे हसतातच. जे हसत नाहीत त्यांचे फोटो कोण काढतो?

आठ-नऊ महिन्यांनी टोपलीतून पिल्लू आलं. तोच तपकिरी रंग, तेच पांढरे मोजे. डोळ्यावरचा डाग तेवढा बोटभर खाली सरकलेला. काकूंनी त्याला छातीशी धरलं आणि त्याच्या डोक्यात नाक खुपसून रडून घेतलं. पिल्लानं त्यांचं तोंड चाटलं. मग काकांचं चाटलं. मग नणंदबाईंचं, टोपली आणणाऱ्या माणसाचं, आणि शेवटी टोपलीचंही.

तिथंच काकूंना काहीतरी खटकलं.

हा गठ्ठ्या म्हणजे नुसता हुंदडा. सकाळी शटर वर गेलं की पळाला सलूनमध्ये. तिथं गिऱ्हाइकांच्या केसांत लोळायचा, सलूनवाल्याच्या हातून बिस्किटं खायचा आणि अंगभर परक्यांचे केस घेऊन परत यायचा. झोपायचा तो दारात, चारी पाय आभाळाकडे करून. काकूंनी त्याला टेबलाखाली ओढून पावलांवर ठेवलं, तर दोन मिनिटं कसाबसा बसायचा आणि सटकायचा.

"पोरगं खुशालचेंडू आहे," काका कौतुकानं म्हणायचे.

"तो असा नव्हता हो."

"अगं, हा तो नाहीच."

"मग पैसे कशाचे मोजले?"

नणंदबाईंनी मान खाली घालून सुईत दोरा ओवला. वहिनींचं तोंड त्यांना दिसत होतं.

काकूंनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड होती. "मॅडम, दिसणं आम्ही देतो, स्वभाव वातावरणातून घडतो. पहिल्या पेटचं बालपण आठवा. तेच भांडं, तेच अंथरूण, तीच जागा. जमेल तितकं तसंच वातावरण त्याला द्या."

काकूंनी माळ्यावरून जुनं भांडं काढलं. जुनं फडकं टेबलाखाली अंथरलं. पिल्लानं भांड्यातलं चाटूनपुसून खाल्लं आणि फडकं तोंडात धरून सलूनमध्ये दाखवायला नेलं.

मग आठवायला एकच गोष्ट उरली.

काकू वाईट बाई नव्हत्या. ज्या गल्लीत माणसं माणसांची विचारपूस करत नाहीत तिथं त्या मुक्या जनावरांना पाणी ठेवायच्या. पण ती गोष्ट एकदा डोक्यात शिरली ती निघेना. पाचच मिनिटं, त्या स्वतःला म्हणायच्या. तो तर अर्धा दिवस होता, आणि त्याला काय झालं? सोन्यासारखा निघाला.

एका दुपारी काका कपडे पोचवायला गेले, नणंदबाई दातांच्या डॉक्टरकडे. काकूंनी शटर अर्धं ओढलं आणि हॉटेलचं रिकामं पोतं उघडून धरलं.

पिल्लाला वाटलं खेळ आहे. ते आपणहून आत गेलं. आतून त्याची शेपटी पोत्यावर फटफट आपटत होती.

काकूंनी तोंड बांधलं. पोतं ढिगावर ठेवलं, वर पडद्यांचा एक गठ्ठा, मग आणखी एक. आणि टेबलाशी येऊन उशांचे अभ्रे घेतले. दहा अभ्रे झाले की काढायचं.

पहिल्या अभ्र्याला ढीग उड्या मारत होता. दुसऱ्याला खेळातलं भुंकणं आलं, "बास आता, काढा की!" असं. तिसऱ्याला ते थांबलं. चौथ्याला दुसराच आवाज सुरू झाला, बारीक, ताणलेला, घशात अडकलेला.

काकूंचा हात तिथंच थांबला. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. पहिला गठ्ठ्या झोपेत हाच आवाज काढायचा, आठवड्यातून चार-पाचदा, बारा वर्षं. आणि त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायच्या, "माझ्या बाळाला स्वप्न पडलं वाटतं."

अभ्रा जळाल्याचा वास आला. काकूंनी इस्त्री बाजूला आपटली, गठ्ठे फेकले. गाठ सुटेना म्हणून दातांनी ओढली. पिल्लू ओलंचिंब होतं. भीतीनं त्याची लघवी झाली होती. दार अर्धं उघडं होतं, समोर सलून होतं, पण ते तिकडे गेलं नाही. सरपटत टेबलाखाली गेलं. काकू त्याच्यामागे गेल्या तेव्हा ते त्यांच्या पावलांवर चढलं आणि पोट टेकून गच्च बसलं.

तेच वजन. तीच थरथर. काकूंना त्यांचा गठ्ठ्या मिळाला.

खोटं कशाला सांगायचं, दोन श्वास त्यांना बरं वाटलं. मग त्यांच्या ध्यानात आलं. ज्याला त्या बारा वर्षं माया समजून मिरवत होत्या, ते हे होतं. माया त्यातही असेल, नव्हती असं कोण म्हणतं? पण तिच्या बुडाशी पोतं होतं, आणि त्याच्यावर काकूंनी स्वतःच्या हातानं रचलेले गठ्ठे होते.

संध्याकाळी त्यांनी काकांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. काकांनी पिल्लाचा कान कुरवाळला.

"तेव्हा चूक झाली होती," ते म्हणाले. "तुला माहीत नव्हतं आत काय आहे."

"आणि आज?"

"आज माहीत होतं." एवढंच बोलून ते उठले. मग चहा टाकला, दोघांचा. काकूंचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तिथंच उभे राहिले.

नणंदबाईंनी ऐकलं आणि चार दिवस वहिनींशी एक शब्द बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी हॉटेलची सगळी पोती उसवून त्यांनी त्यांची पायपुसणी शिवली. म्हणाल्या, "यापुढे टोपल्यांतून पाठवा म्हणावं, नाहीतर जा दुसरीकडे."

पिल्लू पावलं सोडेना. ज्याच्यासाठी काकूंनी जीव टाकला होता ते आता अष्टौप्रहर मिळत होतं आणि त्यांना ते सोसत नव्हतं. त्या दर सकाळी त्याला कडेवर घेऊन रस्ता ओलांडायच्या आणि सलूनवाल्याला म्हणायच्या, "तुम्ही द्या हो बिस्किट. माझ्या हातचं नको."

"काकू, पूर्वी मी दिलं की तुमचं तोंड वाकडं व्हायचं."

"द्या म्हटलं ना!"

पहिले काही दिवस पिल्लानं तोंड फिरवलं. मग चाटून ठेवून दिलं. मग खाल्लं, पण काकूंच्या काखेत तोंड खुपसून. दुसऱ्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाची दाढी चालू असताना ते कडेवरून उडी मारून खाली गेलं आणि जमिनीवरच्या केसांत यथेच्छ लोळलं. काकू एकट्याच परत आल्या. डोळे भरले होते, पण इस्त्री सुरळीत चालली.

त्याच आठवड्यात त्या गोड मुलीचा फोन आला. "मॅडम, तुमचा अभिप्राय हवा होता. पहिल्याशी किती जुळतो? दहापैकी?"

"जुळत नाही. चांगला आहे."

"अं... आणि तुमच्या पहिल्या पेटच्या कातडीचा नमुना आमच्याकडे शिल्लक आहे. ठेवायचा ना?"

"टाकून द्या. आणि मला एक सांग पोरी. हा एक आला. याच्याआधी किती झाले?"

"हा यशस्वी झाला, मॅडम."

"न झालेले विचारतेय मी."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "ते आम्ही सांगत नाही."

"बरं. याला पोटात कुणी वाढवलं? ती कुत्री कुठंय?"

"ती इथंच असते. पुढच्या ऑर्डरसाठी." मुलीचा आवाज एकदम लहान झाला. "इथं बऱ्याच आहेत."

"पिंजऱ्यात?"

"हो."

"ती मला पाहिजे," काकू म्हणाल्या.

"काकू, असं आजवर कुणी मागितलं नाही." "मॅडम" म्हणणं कुठल्या कुठे गेलं होतं. "साहेब नाही म्हणतील."

"म्हणू दे. मग मी साहेबांशी बोलेन, उद्या बोलेन, परवा बोलेन. रोज फोन करेन. तू तिचा नंबर बघ आणि कागदावर लिहून ठेव, म्हणजे उद्या साहेब दुसरीच दाखवायला नकोत."

मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "नंबर मला पाठ आहे, काकू. मीच तिला खायला घालते. साहेबांना जोडू?"

"जोड," काकू म्हणाल्या. त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि नणंदबाईंना स्टूल सरकवायची खूण केली.