हळद-कुंकवाखालचे तेरा आकडे

मित्रांनो, मी एक जुना बोर्डिंग पास आहे. लगेच नाक मुरडू नका! विमानातून उतरलं की लोक मला खुर्चीच्या खिशात कोंबतात, कुणी माझ्यात सुपारी गुंडाळून फेकतं, हे मला ठाऊक आहे. माझ्या भाऊबंदांपैकी निम्म्यांना त्या दिवसाची संध्याकाळही दिसत नाही. पण मी त्यांतला नाही. माझ्या अंगावर हळद आहे, कुंकू आहे आणि मी पाच महिने देवांच्या शेजारी बसून आलो आहे. विमानतळावर जन्मलेल्या किती कागदांना हा मान मिळतो, सांगा बरं!

माझा जन्म सुरतेच्या विमानतळावर झाला. माझ्या जन्माला शाई लागली नाही. यंत्राच्या उष्णतेनं माझ्यावर अक्षरं उमटली आणि मी गरमागरम बाहेर आलो. अंगावर नाव होतं धनश्री निंबा पाटील, जायचं गाव बेंगळुरू, खुर्ची अठरा ए, आणि सगळ्यांत खाली तिकिटाचा तेरा आकडी नंबर. मला तेव्हा माझं नावच मोठं वाटत होतं. खालच्या त्या बारीक आकड्यांकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

धनश्री भरतकामाची मोठी मशीनं बसवून देणाऱ्या कंपनीत काम करते. मशीन अडलं की कंपनी तिला विमानानं धाडते. एरवी ती मोबाईलवरचाच पास दाखवून विमानात चढते, पण त्या दिवशी तिनं काउंटरवरच्या मुलीकडे मला मुद्दाम मागून घेतलं. कारण आदल्या दिवशी तिची आई, सरलाबाई, रुसून म्हणाली होती, "इमान इमान नुसतं तोंडवरी सांगस. हातले लागी असं काहीतरी लई ये ना मनाकरता!"

म्हणजे मी जन्मलो तोच मुळी एका माऊलीच्या हट्टापायी.

धनश्रीचं घर सुरतेतच, डिंडोलीला. दोन खोल्या, वर पत्रा आणि खानदेशातून येताना आणलेली अहिराणी बोली. वडील निंबाआबा जवळच उधन्याच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आहेत. बिघडू लागलेला लूम नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस! पाना धरायला धनश्री त्यांच्याकडूनच शिकली. सरलाबाई घरी बसून साड्यांवर टिकल्या लावते. मार्केटातून साड्यांचं गाठोडं येतं, त्यावर लॉटचा नंबर असतो, काम झालं की गाठोडं परत जातं. वीस वर्षं झाली, तिची मान खालीच आहे.

धनश्रीनं मला तिच्या हातावर ठेवलं तेव्हा सरलाबाईनं आधी पदराला हात पुसले. मला उलटं केलं, सुलटं केलं, नाकाशी नेऊन वाससुद्धा घेतला. मग उठली आणि नव्या गाडीला लावतात तसं मला हळद-कुंकू लावलं. चांगलं अंगठ्यानं दाबून लावलं हं! आणि देव्हाऱ्यात खंडेरावाच्या टाकाला टेकवून उभं केलं.

मग काय विचारता माझा थाट! गल्लीतली येईल ती बाई मला पाहून जायची. "दखा, मनी पोर इमानमा बसनी!" असं सरलाबाई प्रत्येकीला नव्यानं सांगायची. शेजारच्या सखुबाई मराठवाड्याच्या, जिभेनं जरा तिखट. त्या एकदा म्हणाल्या, "अवं, पण पोरीची जात, पानं-स्क्रू घेऊन गावोगाव हिंडती, तिथं काय करती ते तुम्ही कधी डोळ्यानं बघितलंय का?"

सरलाबाई परत टिकल्या लावायला बसली. तिनं खरंच पाहिलं नव्हतं. लेक काम करायची ती दूर कुठल्या तरी शहरात. आईच्या वाट्याला फक्त ऐकीव गोष्टी आणि मी.

पाच महिन्यांवर काही दिवस गेले. एक दिवस धनश्री नाचतच घरात आली. दिल्लीला मशीनांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. कंपनीचं नवं टिकल्यांचं मशीन सगळ्यांसमोर चालवून दाखवायला तिला निवडलं होतं.

"माय, तू पण चाल ना संगे," ती म्हणाली. "मी तिकीट काढते."

सरलाबाईचे डोळे चमकले, ते मी देव्हाऱ्यातून स्पष्ट पाहिलं. पण लगेच तिनं मान हलवली. "तुना लगीनना पैसाले हात लावशी, तं मनी आन शे!"

आईची आण म्हटल्यावर पोरगी काय करणार? पण धनश्री काही कच्च्या गुरूची चेली नाही. ती म्हणाली, "आणि तिकीट फुकट मिळालं तर?"

मित्रांनो, विमान कंपनी आपल्या सभासदाला प्रत्येक प्रवासाचे मैल देते. पुरेसे मैल जमले की एक तिकीट बक्षीस मिळतं. धनश्रीचे तीन वर्षांचे मैल जमले होते. पण खात्यावर पाहिले तर थोडक्यासाठी कमी पडत होते. ती बोटावर प्रवास मोजत बसली आणि एकदम ओरडली, "अरे, बेंगळुरूचे मैल आलेच नाहीत!"

झालं होतं असं, की ते तिकीट ऑफिसातल्या हेमराजभाईंनी काढलं होतं आणि तिचा सभासद नंबर त्यात घालायचाच राहिला होता. त्यामुळे मी उडालो खरा, पण कुणाच्या खात्यावर नाही. तरी वाट बंद झालेली नव्हती. सहा महिन्यांच्या आत बोर्डिंग पासचा फोटो धाडून राहिलेले मैल मागता येतात. पंधरा दिवस उरले होते.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. खरं सांगतो, माझी छाती फुगली. म्हटलं, आता दाखवतो माझी किंमत!

धनश्रीनं मला उचललं, आणि तिचा चेहरा उतरला.

रोज समोर निरांजन जळत होतं. माझी अक्षरं उष्णतेनं उमटतात ना, तर उष्णतेनंच माझं अंग खालून काळं पडत गेलं होतं. त्यात आकड्यांवरच कुंकवाचा तो ठसठशीत अंगठा. नाव दिसत होतं, तारीख दिसत होती, खुर्चीसुद्धा दिसत होती. तेरा आकड्यांतले मात्र शेवटचे दोनच उरले होते. मी इतके दिवस मानानं बसलो होतो आणि आतून वाया जात होतो, याची मलाही खबर नव्हती. लाज वाटली हो मला!

तरी तिनं तसाच फोटो धाडला. चार दिवसांनी उत्तर आलं. तिकीट नंबर वाचता येत नाही, अर्ज नामंजूर.

धनश्रीनं हेमराजभाईंना गाठलं. ते बिचारे डोक्याला हात लावून म्हणाले, "बेन, मेसेज तो जूना फोनमां हतो, ए फोन तो गयो." जुन्या फोनाबरोबर तिकिटाचा मेसेजही गेला होता. ज्या एजंटाकडून तिकीट घेतलं, तोही दुकानाला कुलूप लावून गावी निघून गेलेला. दिल्लीच्या विमानातल्या जागा तर रोज भराभर संपत होत्या.

सरलाबाई देव्हाऱ्यापाशी बसून रडली. "मनामुये झायं व पोरी. देव समजीसन ठेवं, आन मना दिवानी तेले काळं करी टाकं."

"रडी काय व्हई?" निंबाआबा म्हणाले. "मशीन बंद पडस तवय मी काय रडत बसस का?" बोलले खरे, पण त्यांनाही काही सुचत नव्हतं. त्या दोन दिवसांत घरात कुणी धड जेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी मार्केटातून साड्यांचं नवं गाठोडं आलं. काम कुणासाठी थांबतं? सरलाबाईनं डोळे पुसले, पेन्सिल घेतली आणि लॉटचा नंबर लिहायला कपाटाचं दार उघडलं. तिची ही जुनी सवय. फार पूर्वी एकदा तिचं गाठोडं दुसरीच्या गाठोड्याशी बदललं गेलं होतं आणि नसता बोल तिला लागला होता. तेव्हापासून घरात नंबराची कोणतीही वस्तू आली, की तिचे आकडे दाराच्या आतल्या बाजूला उतरायचेच. चौथी शिकलेली बाई, इंग्रजी आकडे ती चित्र काढल्यासारखी काढायची, पण एक रेघ इकडची तिकडे व्हायची नाही. ते दार खालपासून वरपर्यंत आकड्यांनी भरून गेलं होतं.

लिहिता लिहिता तिची पेन्सिल थांबली. एक ओळ बाकीच्यांपेक्षा लांब होती. शेजारी लिहिलं होतं, 'धना इमान'.

"धना, इकडे ये व!" ती किंचाळलीच. "हाऊच शे का तो लंबर?"

धनश्री धावली. मला दाराला लावून तिनं शेवटचे दोन आकडे ताडून पाहिले. तंतोतंत! एकूण मोजले, तर तेरा. मित्रांनो, ज्या बाईनं न कळता मला काळं केलं, तिनंच मला हळद-कुंकू लावायच्या आधी माझा जीव दारावर लिहून ठेवला होता!

लगेच फोन लागला. पलीकडची बाई म्हणाली, "मॅडम, टिकट नंबर बताइए." धनश्री वाचायला लागली, तर सरलाबाईनं तिचा दंड धरला. मी वाचते, अशी खूण केली. निंबाआबांनी मोबाईलची बत्ती दाराकडे धरली आणि सरलाबाईनं एकेका आकड्यावर बोट ठेवत सगळे तेरा आकडे ठणठणीत आवाजात वाचले.

पलीकडे कळफलक खडखडला. मग आवाज आला, "धनश्री निंबा पाटील? सीट अठरा ए? रिकॉर्ड मिल गया. यह नंबर लिखकर क्लेम फिर से भेजिए."

चौथ्या दिवशी मैल जमा झाले. मी तेव्हा किती ऐटीत होतो म्हणून सांगू! तिकीट निघालं. फुकट तिकिटावरही थोडा कर भरावा लागतो, हे कळल्यावर सरलाबाई परत आखडली. तेव्हा निंबाआबांनी खिशात हात घातला. "ते मनाकडथीन. मनी तंबाखू बंद!" म्हणाले. आणि त्यांनी ती खरोखर बंद केली, आजतागायत.

दिल्लीला सरलाबाईनं मला आपल्या पिशवीत अगदी वर, तोंडाशी खोचून नेलं, म्हणून पुढचं मला सांगता येतं. केवढा मंडप तो! चकचकीत मशीन, चहूबाजूंनी सुटाबुटातले लोक आणि मध्ये आमची धनश्री. तिनं कळ दाबली आणि सुया खटाखट चालू लागल्या. सरलाबाईला एका साडीला दिवस लागायचा, ते काम पापणी लवायच्या आत होत होतं. लोक टाळ्या वाजवत होते. सरलाबाईनं मात्र पुढे होऊन तयार कापडाचं टोक उचललं, उलटं केलं आणि खालून अंगठा फिरवला. वीस वर्षांचा अंगठा तो!

"पोरी," ती हळूच म्हणाली, "खालना दोरा ढिला शे. ही टिकली दोन धोवणमा निंघी जाई."

कंपनीचे साहेब चपापले. कोण ही लुगड्यातली बाई, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. धनश्रीनं सगळ्यांदेखत मशीन थांबवलं. कापड पाहिलं. पाना घेऊन खालच्या दोऱ्याचा ताण आवळला, मशीन परत चालू केलं आणि कापड आईपुढे धरलं. आईनं अंगठा फिरवून मान डोलावली.

मग धनश्री साहेबांकडे वळून म्हणाली, "ही माझी आई. टिकल्यांचं काम मला हिला विचारल्याशिवाय कळत नाही."

त्या मंडपात पुन्हा टाळ्या झाल्या, त्या मशीनसाठी नव्हत्या. सरलाबाईनं पदर तोंडाला लावला. ती लाजत होती की रडत होती, ते पदराआड मला पिशवीतून दिसलं नाही. माझा ऊर मात्र भरून आला.

मित्रांनो, आता मी पार काळा पडलो आहे. माझ्यावरचं नावही उद्या-परवा पुसून जाईल, त्याचं मला दुःख नाही. तुम्हाला एवढंच सांगतो. प्रवासाहून आलात, की मैल जमा झालेले दिसेपर्यंत आम्हाला फेकू नका. आम्हाला उन्हापासून, दिव्यापासून दूर, कोरड्या जागी ठेवा आणि नंबर कुठंतरी उतरवून घ्या. आणि घरी वाट पाहणाऱ्या माणसाच्या हातावर आमच्यासारखा कागद ठेवून तेवढ्यावर भागवू नका. मी पाच महिने त्या माऊलीसमोर उभा होतो, पण तिची लेक काय करते ते मला तिला दाखवता आलं नाही. त्यासाठी तिलाच न्यावं लागलं.