डोंगर दिसतो का

दिव्यानीने ओढणीने चष्मा पुसला आणि पुन्हा उत्तरेकडे पाहिले. डोंगर असायला हवा तिथे ढग होता. ढगाखाली झाडांची काळपट रेघ होती, तीही मधेच पुसलेली.

"नाही दिसत, सर," तिने फोनमध्ये सांगितले.

पलीकडून कंट्रोल रूमचे गुणवंत सर म्हणाले की थोड्या वेळाने परत विचारतो.

गावात मोबाइलला रेंज मिळे ती हेलिपॅडच्या उंचवट्यावरच. गावालगतच्या दोन्ही नद्या फुगल्या की पूल पाण्याखाली जात आणि गावाचे बेट होई. मग बाहेरच्या जगाशी संबंध उरे तो या सिमेंटच्या चौकोनातून. आश्रमशाळेतली मुले त्याला एअरपोर्ट म्हणत. दिव्यानी त्याच शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून मागच्या पावसाळ्यापासून हे काम तिच्याकडे आले होते. फोन आला की डोंगर दिसतो का ते सांगायचे. हेलिकॉप्टर त्या डोंगराला लागून असलेल्या खिंडीतून येई. टोक दिसले तर हो, नाही तर नाही. तिच्या शब्दावर ते तिकडून निघे.

आज ते अतुलला, तिच्या नवऱ्याला, न्यायला येणार होते. तोही त्याच शाळेत मास्तर होता.

तो हेलिपॅडमागच्या दवाखान्यात खाटेवर होता. मलेरिया मेंदूत चढला होता. सकाळी डॉक्टरांनी तिला बाजूला घेतले. संध्याकाळच्या आत गडचिरोलीला पोचले तर काही करता येईल, इथे आता हातात काही नाही, असे ते म्हणाले. तिने मान हलवली आणि सलाइन किती उरले ते पाहिले. रडू येईल असे वाटले होते, आले नाही.

हेलिपॅडचा चौकीदार वारलू बकऱ्या हाकलत होता. सगळीकडे चिखल, म्हणून त्या येऊन सिमेंटवर रंगवलेल्या पांढऱ्या एचवर बसत.

"तिकीट नाई, काई नाई, आन् सगळ्याइच्या आंधी येऊन बसते," तो म्हणाला. मग तिच्याकडे लक्ष गेले आणि तो पुन्हा बकऱ्यांमागे गेला.

मागच्या फेरीला औषधांची खोकी उतरवली जात होती, तेव्हा पायलटने शाळेच्या झाडाचे दोन पेरू मागून घेतले होते. एक स्वतःला, एक मुलीला. पुढचे दात पडलेल्या त्या मुलीचा फोटोही दाखवला होता. निघताना तो म्हणाला होता की मॅडम, तुम्ही हो म्हटले की मी दुसऱ्या कोणाला विचारत नाही.

फोन पुन्हा वाजला. गुणवंत सर या वेळी अडखळत बोलले. पेशंट कोण आहे ते त्यांना आत्ताच कळले होते.

"तुमचे मिस्टर आहेत ना, मॅडम?"

"हो."

मग आज तुमचा शब्द घेता येणार नाही, असे ते म्हणाले. अविश्वास नाही, कोणाचेही नातेवाईक असते तरी हेच केले असते. दुसऱ्या कोणाला तरी फोन द्या. दिव्यानीला ते बरोबर वाटले. तिने स्वतः नियम केला असता तर हाच केला असता. तिने स्पीकर चालू करून फोन वारलूसमोर धरला.

"वारलू भाऊ, डोंगर दिसतो का?" सरांनी विचारले.

वारलूने डोक्यावरचे प्लास्टिक मागे सारले. बराच वेळ पाहिले.

"दिसते ना जी."

"टोक दिसतं?"

"टोकासकट दिसते."

ठीक आहे, निघायला सांगतो, सर म्हणाले. मशीन सुरू व्हायला थोडा वेळ लागेल. तेवढ्यात काही बदल झाला तर लगेच कळवा. फोन बंद झाला.

दिव्यानीने पाहिले. ढग तसाच होता.

"कुठी दिसला तुमाले?"

त्याने बोट दाखवले. उघाडीच्या दिवशी टोक जिथे असते, अगदी तिथेच.

"तेथी तं ढग आहे, भाऊ."

"ढगाच्या मांगं आहे ना. मी जलमलो तवापासून तेथीच आहे. आता कुठी जाते?" तो बोट खाली न घेता म्हणाला. मग हळूच, तिच्याकडे न पाहता, "मास्तरले जाऊ द्या, बाई."

तो खोटे बोलला होता की त्याला खरेच दिसत होता, हे तिला कळेना. वर्गात ती मुलांना सांगायची, जे दिसते ते आधी लिहा, जे माहीत आहे ते नंतर. तिने फोनकडे पाहिले. शेवटचा नंबर सगळ्यात वर होता. अंगठा ठेवला की लागला असता. ढगातून थंड वारा आला, आणि झाडांची रेघही गेली.

तिने फोन वारलूच्या हातात दिला.

"हा तुमच्यापाशीच राहू द्या."

"आन् वाजला तं?"

"तुमालेच विचारतील."

ती उंचवटा उतरून दवाखान्यात गेली. पिंकी सिस्टर अतुलच्या कपाळावरची पट्टी बदलत होती. तिने विचारले, "ताई, येऊन राह्यलं का?"

"येऊन राह्यलं."

"मंग ढग हटला म्हणायचा," पिंकी म्हणाली, आणि स्ट्रेचर पाहायला बाहेर गेली.

दिव्यानीने अतुलच्या पायावरची चादर नीट केली. त्याचे पाय गरम होते. खाटेजवळचे स्टूल उत्तरेच्या खिडकीसमोर होते. तिने ते उचलले, फिरवले आणि खिडकीकडे पाठ करून बसली.