त्रिकालबाबांची शंभर नंबरी विभूती

"बोलो त्रिकालबाबा की जय!"

टी. टी. नगरातल्या नव्याकोऱ्या सरकारी क्वार्टरांसमोरचं मैदान दणाणून गेलं. राज्यपुनर्रचनेत ऑफिस नागपूरहून भोपाळला हललं, तशी त्याच्यामागून आलेली कारकुनांची कुटुंबं झाडून सगळी जमली होती. बाबांची विभूती घेतली की मुलगाच होतो, अशी ख्याती होती. अट एकच, डॉक्टरची पायरी चढायची नाही.

लीलावती कॉलेजात बी.कॉम.च्या मुलांना संख्याशास्त्र शिकवायची. असल्या गर्दीत एरवी ती फिरकली नसती, पण भावजयीपायी आली होती. कमलिनीला सातवा महिना होता. चेहऱ्यावर, पायांवर सूज, रक्तदाब वाढलेला. आणि बाबांच्या शब्दाखातर तिनं दवाखाना सोडला होता.

एकेक बाई उठून सांगत होती, "विभूती घेतली, मुलगा झाला!"

"बघा वन्सं," कमलिनी कुजबुजली, "इतक्याजणी खोटं बोलतील?"

"खोटं कुणीच बोलत नाहीये, कमल. तीच तर मेख आहे."

लीलावती सरळ पुढे गेली. "महाराज, मुली झालेल्या बायका कुठायत?"

बाबा गडगडले, "जिसकी श्रद्धा कच्ची, उसको बच्ची!"

लोक हसले. लीलावतीही हसली. "मग श्रद्धेचा एक खेळ होऊन जाऊ दे. सगळे उभे राहा. छापा वाटला तर हात डोक्यावर, काटा वाटला तर कमरेवर. चुकेल तो खाली बसेल."

तिनं रुपया उडवला. निम्मं मैदान खाली बसलं. पुन्हा उडवला, उरलेल्यांतले निम्मे बसले. असं होता होता शेवटी एकटे काशिनाथराव उभे राहिले. हेडक्लार्क, स्वभावानं गरीब माणूस. एकदाही चुकले नव्हते.

"धरा यांचे पाय!" लीलावती म्हणाली. "त्रिकालज्ञानी!"

"अहो, कसले ज्ञानी!" त्यांच्या बायकोनं, मनोरमाबाईंनी, बसल्या जागेवरून हात उडवले. "नाकावरचा चष्मा घरभर शोधतात!"

मैदान खो खो हसायला लागलं. काशिनाथरावांनी हळूच चष्मा चाचपला.

"इतके लोक उभे केले की कुणीतरी शेवटपर्यंत टिकणारच," लीलावती म्हणाली. "मूल व्हायचं म्हटलं की मुलगा किंवा मुलगी. राखेऐवजी चुलीतला कोळसा दिला, तरी निम्म्याजणींना मुलगा होईल. त्या इथं येऊन जय म्हणतात. बाकीच्या स्वतःलाच दोष देत घरी बसतात."

मागून एका कारकुनाची बायको, सिंधू, उठली, कडेवर छोटी मुलगी घेऊन. "मीही घेतली होती विभूती. श्रद्धेत खोट निघाली म्हणून लाजेनं गप्प होते."

"मीसुद्धा," दुसरी म्हणाली. मग तिसरी उठली. पदराआडून, दारांआडून बायका पुढे येत राहिल्या.

बाबांनी कमंडलू उचलला. "हमारा ध्यान का समय हुआ," म्हणत जे गेले, ते भोपाळात पुन्हा दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कमलिनी दवाखान्यात भरती झाली. "आणखी थोडा उशीर केला असतात, तर दोन्ही जीव हातचे गेले असते," लेडी डॉक्टर म्हणाली. दोन महिन्यांनी मुलगी झाली, चांगली ठणठणीत. मैदानभर पेढे वाटले गेले.

वर्गात लीलावतीनं मुलांना एवढंच सांगितलं, "कुणी चमत्काराचा दाखला दिला, तर त्याला खोटं म्हणू नका. जे दाखला द्यायला आलेच नाहीत, त्यांच्या दारी जा, विचारा, आणि मगच काय ते ठरवा."