उलटा तारा

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दारापासून सुरू झालेली रांग जिन्याच्या दोन वळणांपर्यंत यायची. भर दुपारची वेळ, पण कुणाला कामाधंद्याची घाई नव्हती. वर चढणाऱ्याला पायरीगणिक एकेक चमत्कार ऐकायला मिळे. पत्तेमॅडमनी कुणाची हरवलेली अंगठी सांगितली, कुणाच्या जावयाचं प्रकरण नावानिशी सांगितलं, आणि एका बाईचा तर गुडघाच बरा केला. गुडघ्याचा आणि भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांचा काय संबंध, असं कुणी विचारत नसे. असं विचारणारा माणूस रांगेत उभा राहीलच कशाला?

कटिंगमास्तर मात्र उभा होता. छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर त्याची तीस वर्षं गेली होती आणि असल्या गोष्टींवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. तो आला होता बायकोसाठी.

नऊ महिन्यांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक अपघातात गेली. परगावी नोकरीला होती. आदल्या आठवड्यात तिचा फोन आला, या महिन्यातही यायला जमणार नाही म्हणाली, आणि आई चिडून बोलून गेली, "मग येऊच नकोस!" मायलेकींचं तेच शेवटचं बोलणं. तेव्हापासून बायकोला एकच प्रश्न पडला होता, पोरगी माझ्यावर रागावून गेली का? मास्तराने समजावलं, बहिणीने समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

पत्तेमॅडमनी मात्र उत्तर दिलं. अठ्ठ्याहत्तर पत्त्यांत एक ताऱ्याचं कार्ड असतं, तळ्याकाठी बसून पाणी ओतणारी बाई आणि वर मोठा तारा. "ही तुमची लेक," मॅडम म्हणाल्या. "सरळ आली की समजा, माफ केलं." गेले अकरा बुधवार ते कार्ड न चुकता येत होतं. पण दर वेळी उलटं, डोकं खाली पाय वर. बायको दोन घासांवर उठू लागली. अंगावरचे कपडे लोंबायला लागले. म्हणून आज मास्तर रजा टाकून सोबत आला होता.

आत काळं मखमली कापड, सुगंधी मेणबत्ती आणि मॅडमचं मधाळ बोलणं. "पत्ते भविष्य सांगत नाहीत हं. पत्ते म्हणजे मनाचा आरसा. विश्वाची स्पंदनं तुमच्या बोटांतून उतरतात, मी आपली वाचते." स्पंदनं उतरण्याआधी बाहेर नंबर लिहिणारी बाई प्रत्येकाच्या घरची खडान्‌खडा चौकशी करून घेई, ती गोष्ट वेगळी!

"तुम्हीच पिसा, आई. मनसोक्त पिसा. फक्त गड्डी उलटसुलट फिरवायची नाही, ऊर्जा तुटते."

बायकोने पत्ते पिसले. मॅडमनी गड्डी घेतली, डोळे मिटले आणि तीन पत्ते काढून मांडले. दोन सरळ. तिसरा तारा, उलटा.

"अजून राग आहे," मॅडमनी उसासा टाकला. "पण येतेय ना ती? चिकाटी सोडू नका."

बायको त्या कार्डावर वाकली. "चुकलं गं माझं, बाळा," ती कार्डाला म्हणाली. "किती वेळा सांगू?"

मास्तराला ते बघवेना. त्याने मान वळवली आणि त्याचा हात आपसूक गड्डीकडे गेला. समोर कागदाचा गठ्ठा दिसला की तो टेबलावर ठोकून सरळ करायचा, ही त्याच्या हाताची खोडच होती. त्याने गड्डी ठोकली. कडा जुळल्या, पण अंगठा एका टोकाकडून दुसऱ्याकडे नेताना त्याला जाणवलं की गड्डी एका बाजूला केसभर निमुळती आहे.

"हात लावू नका! ऊर्जा बिघडेल!"

"ऊर्जेचं राहू द्या. इथं कटिंग बिघडलंय."

क्षणभर त्याच्या मनात आलं की गप्प बसावं. पुढच्या बुधवारी आपणच काहीतरी हातचलाखी करून तारा सरळ मांडावा, बिचारी सुटेल. पण आज आपण सरळ केलेला तारा उद्या दुसरा कुणी उलटा करील, आणि ही पुन्हा झुरत बसेल. त्याने उलटा तारा तसाच गड्डीत सरकवला आणि बायकोला पुन्हा पिसायला लावलं. मग डोळे मिटून कडेवरून बोट फिरवलं आणि एक पत्ता ओढला. तारा, उलटा. परत पिसायला लावलं. परत तोच. तोवर रांगेतली माणसं दारात गोळा झाली होती.

"सगळे पत्ते एका टोकाला मुद्दाम बारीक कापलेत," मास्तर म्हणाला. "सगळे एका दिशेला ठेवायचे आणि हा एकच उलटा. मग याचं रुंद टोक बाकीच्यांच्या अरुंद टोकांतून बोटाला लागतं, कितीही पिसा. उलटा आहे म्हणूनच तर तो सापडतो. अकरा आठवड्यांत दुसरा एक तरी पत्ता उलटा आला का गं?"

बायकोने गड्डी उचलली, अर्धे पत्ते गोल फिरवले, पिसले आणि मॅडमपुढे धरले.

"काढा. येते ना ती? आता काढा."

मॅडमनी एक पत्ता काढला. तलवार धरलेला राजा. दुसरा काढला, नुसत्या काठ्या. "तुमच्या यजमानांच्या नकारात्मक विचारांमुळे..." त्या चाचरल्या.

"काढा ना हो," बायको म्हणतच राहिली. "एकदाच काढा." शेवटी मास्तराने तिच्या हातातली गड्डी सोडवली. दारातली काही माणसं मॅडमना शिव्या घालत जिना उतरली. काहीजण मोकळ्या झालेल्या जागी येऊन उभे राहिले, नंबर पुढे सरकला म्हणून!

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बायको मटकन पायरीवर बसली.

"म्हणजे ती रागावली नव्हती?"

"माहीत नाही गं. पत्त्यांना माहीत नाही, मलाही नाही. आता कुणालाच कळायचं नाही."

ती म्हणाली, "रागावलेली का होईना, दर बुधवारी येत तरी होती."

मास्तर खरं बोलला होता, आणि त्या खऱ्याने तिची लेक दुसऱ्यांदा गेली होती. तो तिच्याशेजारी बसला. लेक गेल्यापासून दोघं पहिल्यांदाच एकत्र रडली.

खालून एक तरुण बाई धापा टाकत वर आली. "किती नंबर झाले हो? आमचे हे गेले वर्षभरापूर्वी. नाराज आहेत का, विचारायचं होतं."

बायकोने पदराने तोंड पुसलं आणि तिचा हात धरला.

"नाराज नाहीत गं ते. गेलेलं माणूस नाराज होत नाही. तेवढं करायलासुद्धा ते उरत नाही. वर जायचं तर जा, पण आधी त्या मॅडमना विचार, तुम्हाला हे कसं कळलं? धड उत्तर मिळालं नाही, तर घरी जा आणि पोटभर रड. मीही आता तेच करायला चाललेय."